परशुबाबाचा कौल

परशुबाबाची जीभ म्हणजे आमच्या मिठाच्या आगराचं दैव, असं गावात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि आगराचा मुकादम असल्यामुळे जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचो. आज त्या बोलण्याची मला लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून गोष्ट दडपायची, हा या विश्रामचा स्वभाव नाही. ठाण्याच्या शाळेत चार बुकं शिकलोय, तेव्हा लिहूनच ठेवतो.

आमचं गाव खाडीच्या काठावर, कळव्याच्या खालच्या अंगाला. शेती नावापुरती, पोट सगळं मिठावर. उधाणाला उघाडी, म्हणजे बांधातली झडप, उघडून खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, उन्हात आटवत न्यायचं, आणि पिकलं की शेवटच्या वाफ्यांत सोडायचं. तिथं मीठ धरतं. सांगायला सोपं आहे, पण पाणी पिकलं कधी, हे ओळखण्यातच सगळी मेख आहे. कच्चं सोडलं तर मीठ मातकट येतं. एक दिवस जास्त राहिलं तर कडू येतं, आणि कडू मीठ गुरंसुद्धा चाटत नाहीत. डोळ्यांना यातलं काही कळत नाही. जिभेला कळतं, पण तेही एखाद्याच्याच.

ती जीभ परशुबाबाला होती. करंगळी पाण्यात बुडवायचा, जिभेवर ठेवायचा, आभाळाकडे बघायचा आणि सांगायचा: आज, उद्या, नाहीतर परवा. नऊ वर्षांपूर्वी बांधावरून चालता चालता तो कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, बोलणं म्हणजे नुसती गुरगुर उरली. आगरावर रडारड झाली, पण मग त्याच्या सुनेनं, तुळसानं सांगितलं की मामांचं बोलणं मला कळतं. तेव्हापासून आम्ही रिवाजच पाडला. पाणी पिकायचे दिवस आले की रोज संध्याकाळी मी करवंटीत वाफ्यातलं पाणी घेऊन त्यांच्या ओटीवर जायचो. तुळसा करवंटी आत न्यायची. आतून गुरगुर ऐकू यायची. मग ती डोक्यावरचा पदर सावरत बाहेर येऊन सांगायची, "मामा बोलतान, आज नको. उद्या ऊन कललं का सोडा."

नऊ वर्षांत एकही कौल चुकला नाही. हंगाम संपला की आम्ही वाजतगाजत जाऊन म्हाताऱ्याला नवं पागोटं बांधायचो. तुळसा ते त्याच्या डोक्यावर नीट बसवायची आणि मागं सरून भिंतीला लागून उभी राहायची. तिला नारळाची एक वाटी द्यावी, हेसुद्धा कधी कुणाला सुचलं नाही.

उलट तिच्या माघारी आम्ही काय बोलायचो, तेही लिहितो. तुळसाचं बरं आहे, असं बोलायचो. उन्हात पाय पोळायचे नाहीत, खाऱ्या पाण्यात टाचा फुटायच्या नाहीत, सावलीत बसून एका म्हाताऱ्याकडे बघायचं. माझी बायको रंगूबाई दिवसभर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. ती हे रोज म्हणायची आणि मी मान डोलवायचो.

अठराशे अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात, हंगामाचं शेवटचं पाणी पिकायला आलेलं असताना, तुळसाचा भाऊ मधु कल्याणहून आला. कल्याणच्या पलीकडे खाडीकाठी तिचं माहेर. मी करवंटी घेऊन ओटीवर बसलेलोच होतो, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"बाय, आयशीनं अन्न टाकलाय," मधु म्हणाला. "चार दिस झालं. कोनाचे हातचा घेत नाय. तुजाच नाव घेतं. बोलतं, तुलसाला आना, तिचे हातचा घास घेन."

तुळसा खांबाला हात लावून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. "दादा, मना कल्यानला जावाचा हाय. चार दिस. आयशीला बघून येतंय."

नऊ वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आता? पानी पिकाला आलाय तवा? तू गेलीस त म्हाताऱ्याचा बोलना कोनला कलाचा? कौल होऊ दे, मंग जा. दोन-तीन दिसांनी काय व्हतं?"

तिनं भावाकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं आणि "बरा" म्हणाली. मधु पाणीसुद्धा न पिता निघून गेला. बाई समजूतदार आहे, असं मनाशी म्हणत मीही घरी आलो. माझ्यासारख्या माणसाला समोरचा गप्प बसला की तो समजूतदार वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी वाढताना रंगूनं विचारलं, "तुमची आयस गेली तवा तुमी कंय व्हतंव?"

मी आगरावर होतो. मीठ भरायचं राहिलं होतं. घरी आलो तेव्हा आईचा हात गार पडला होता. हे रंगूला माहीत होतं, म्हणूनच तिनं विचारलं. "मंग त्या बाईला कनाला अडवतंव?" असं म्हणून ती टोपली उचलून चालू लागली. तुळसाला सावलीत बसणारी म्हणणारी हीच ती रंगू.

माझा पारा चढला. बायको खरं बोलली की तो चढतोच. पण मग एक युक्ती सुचली. म्हाताऱ्याचं बोलणं तुळसाला कळतं, तर मला का कळू नये? गुरगुर तर गुरगुर. चारदोनदा लक्ष देऊन ऐकली की अर्थ लागेल. तो लागला की तुळसा आजच मोकळी. मी करवंटी भरून घेतली आणि भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. भिवा, तिचा नवरा, आगरावर होता. ती विहिरीवर गेली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी ओटी ओलांडून आत गेलो.

आजारी माणसाच्या खोलीला एक वास असतो. मी नाक मुरडायच्या तयारीनंच गेलो होतो, पण वास नव्हताच. जमीन सारवलेली, दोरीवर धुतलेल्या चिंध्यांच्या घड्या एका मापाच्या, बाजेवर परशुबाबा डाव्या कुशीला. टाचांखाली कापसाच्या छोट्या गाद्या. नखं कापलेली, दाढी केलेली. एवढं नीटनेटकं माझं स्वतःचं ध्यान लग्नातसुद्धा नव्हतं.

मी करंगळी पाण्यात बुडवून त्याच्या जिभेवर ठेवली. म्हातारा मचमच करत राहिला. मग बोलला, आणि कान देऊन ऐकलं तर अगदी सहज कळलं. "आये, ताक आंबाट झाला."

मला वाटलं, हा काहीतरी जुन्या आगऱ्यांचा बोल असेल. पुन्हा चाखवलं. पुन्हा तेच. मग मी माठातलं गोडं पाणी बोटावर घेऊन त्याच्या जिभेला लावलं. "आये, ताक आंबाट झाला," म्हातारा म्हणाला आणि माझं बोट लहान पोरासारखं मुठीत धरून ठेवलं. ज्यानं मला आगरावर काम शिकवलं, दोनदा कानाखाली वाजवली, तो माणूस माझ्याकडे बघून मला आई म्हणत होता.

मागं दारात तुळसा उभी होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. तिला सगळं दिसलं होतं.

"कवापासून?" मी विचारलं.

"तिसरा हंगाम हाय ह्यो."

"मंग कौल कोन देतं?"

तिनं हंडा उतरवला. हात पदराला पुसला, माझ्या हातातल्या करवंटीत करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली. "परवा," ती म्हणाली. "ऊन कललं का."

मग तिनं पाणी माठात ओतता ओतताच सांगितलं. पहिली सहा वर्षं कौल म्हाताऱ्याचाच होता. स्वतः चाखलं की तो तिलाही चाखवायचा आणि विचारायचा, सांग आता. चुकली की डाव्या हातानं टिचकी मारायचा. चुकणं संपलं, आणि मग हळूहळू म्हाताऱ्याचं भान संपलं.

"मंग सांगाचा व्हता ना आमाला!" मी ओरडलोच.

"सांगतला असता त तुमी आला असता दारात?" तिचा आवाज चढला नाही. "सांज झाली का मामा दाराकरं डोले लावून बसतान. कोन येतं त्या ओलखत नाय. पन आपल्याकरं कोनतरी येतं, यवरा कलतं. तुमी येऊन गेलंव का दोन घास जास्ती जातान." मग थोडं थांबून म्हणाली, "आनि दादा, बाईचे जिभंवर तुमी पानी सोरला असता?"

नसतं सोडलं, हे मला ठाऊक होतं.

"भिवाला ठाव हाय?"

"नाय. ते येतान तवा मामा निजलेले आसतान. दारातना इचारतान, बाबा बरा हाय का? मी बोलतंय, बरा हाय. आपला बापूस आपल्याला ओलखत नाय, ह्या कनाला सांगाचा त्यांना? ते दिसभर उन्हात राबतान."

म्हणजे सासऱ्याचं अंग सांभाळायचं, सासऱ्याची अब्रू सांभाळायची, नवऱ्याचं मन सांभाळायचं आणि वर आमचं अख्खं आगर सांभाळायचं. आणि हे सगळं सावलीत बसून! मला स्वतःचाच इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडलो. "निघ आत्ता! तरीतना पलीकरं ठान्याला जा, दुपारची गारी मिलंल. इथला मी बघतो."

ती चक्क हसली. "तुमी?"

"चालीस मानसा हाकतो मी. एक म्हातारा मना जड हाय?"

मग तिनं जे सांगितलं ते ऐकताना मला पहिल्यांदाच कागद-दौत हवीशी वाटली. उन्हाचा कवडसा एका वाशावरून दुसऱ्यावर गेला की कूस बदलायची. हात खांद्याखालून घालायचा, दंड धरून ओढायचं नाही. पेज घट्ट हवी, पातळ ठसक्याला जाते. घास दिला की गळ्यावरून बोट फिरवायचं, नाहीतर गिळायचं विसरतात. गोधडीची कड चिवडायला लागले की लगेच भांडं लावायचं. डाव्या टाचेला तेल दोनदा. "आनि आयशीला हाक मारतील," ती म्हणाली, "तवा बोलाचा, आली, आली. नाय सांगाचा नाय." कपड्याचं एक बोचकं घेऊन ती निघाली. दारातून वळून म्हणाली, "परवा बोलली मी, पन वारा फिरला त नेम नाय. चाखल्याबिगर सोरू नका."

चाखायचं कुणी, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

त्या दुपारी मला कळलं की चाळीस माणसं हाकणं सोपं असतं, कारण ती आपल्या पायांनी चालतात. पहिल्याच घासाला मी म्हाताऱ्याला ठसका लावला. गोधडीची कड तो चिवडत होता ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ आठवेपर्यंत उशीर झाला होता. सगळं धुतलं, पुसलं, बदललं आणि तासाभरात पुन्हा तेच. कूस बदलताना माझी कंबर धरली. संध्याकाळी रंगू आली, तेव्हा मी अंगणात चिंध्या पिळत होतो. ती लुगड्याचा काचा खोचून कामाला लागली. म्हाताऱ्याची पाठ पुसताना मात्र थांबली आणि दिवा जवळ घेऊन बघितलं. नऊ वर्षं अंथरुणावर पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नव्हती. माझ्या मामाला दोन महिन्यांत हाडापर्यंत जखमा झाल्या होत्या, ते तिनं पाहिलेलं होतं.

"आनि मी हिला सावलीतली बोलायची," रंगू म्हणाली आणि डोळे पुसले. भिवा रात्री नेहमीसारखा दारातूनच विचारून ओटीवर निजला, त्यामुळे त्याला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे तुळसानं सांगितलेल्या परवाच्या दिवशी, सकाळीच गरम वारा सुटला. असा वारा सुटला की पाणी झपाट्यानं पिकतं. दुपार व्हायच्या आत भिवा, आगरावरचा जुना गडी अण्णा आणि आणखी दहा-बाराजण ओटीवर जमले. करवंटी माझ्या हातात होती. तुळसा माहेरी गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी म्हाताऱ्याची भाषा शिकलोय, अशी थाप मी मारली होती.

"काय बोलतं म्हातारा?" अण्णानं विचारलं.

मी पाणी चाखलं. खारट लागलं. दुसऱ्यांदा चाखलं. खारटच लागलं. मुकादमाच्या जिभेला यापेक्षा जास्त काही कळेना.

"तुलाव नाय कलत ना?" अण्णा चिडला. "मंग तुलसाला बोलवा. कल्यान काय लांब हाय? आत्ताचे गारीनं मानूस धारा, सांजला घेऊन येल. हंगामाचा शेवटला पानी हाय, इश्राम!"

सगळ्यांच्या माना हलल्या. खरं तर माझीही हलणार होती. पाऊस महिन्यावर आला होता, हे मीठ गेलं तर पुढं मार्गशीर्षापर्यंत काही नाही. आणि तिकडे कल्याणला एक म्हातारी लेकीच्या हातून पेज पीत होती की नव्हती, हेही मला ठाऊक नव्हतं. मी एकदा अडवलं तेव्हा तिचा एक दिवस गेला होता. तो एक दिवसच बस झाला.

"कल्यानला कोनला धाराचा नाय," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याला तीन वर्षं काही कळत नाही. कौल तुळसाचा. आपण पागोटी बांधली ती तिच्या जिभेला.

अण्णा म्हणाला, हा मुकादम उन्हानं चळलाय. भिवा आत गेला. बापाच्या बाजेपाशी उकिडवा बसलेला तो मला दारातून दिसत होता. "बाबा," त्यानं हाक मारली. "बाबा, मी भिवा." म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, प्रेमानं पाहिलं आणि म्हणाला, "आये."

भिवा बाहेर आला तेव्हा त्यानं डोळे पुसले नव्हते. "माजे घरान ऱ्हावून मना ठाव नाय," तो म्हणाला. "ती रोज बोलायची, बरा हाय. मी ऐकून निजायचो." मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "कल्यानला कोनी जावाचा नाय. जो जाईल त्याची माजेशी गाठ हाय. मुकादम, तुज्या अकलेनं सोर पानी."

माझ्या अकलेनं मी ऊन कलेपर्यंत थांबलो, तुळसानं सांगितलं होतं तसाच. वारा मात्र आपलं काम आधीच करून बसला होता. पुढं मीठ धरलं ते कडू. सगळ्यांनी मिळून ते खाडीत ढकललं. कुणी कुरकुरलं नाही असं म्हणणार नाही. अण्णा पुढं पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. पण कल्याणला कुणी गेलं नाही, एवढं खरं.

सहाव्या दिवशी तुळसा परत आली. कपाळावर कुंकू होतं, डोळे सुजलेले होते. आधी आत गेली, सासऱ्याची कूस बदलली, पाठ बघितली. कमरेपाशी बोराएवढा लाल चट्टा उठला होता, तो आमचा प्रताप. तिनं खोबरेल हातावर घेतलं आणि चोळायला बसली.

"आयस भेटली?" मी दारातूनच विचारलं.

"भेटली. चार दिस माजे हातची पेज पिली. शेवटला घास पन माजेच हातचा." मग म्हणाली, "मिठाचा समजला मना, तरीवाल्यानं सांगतला. तुमी मना बोलवाला मानूस धारला नाय."

मी मान खाली घातली.

"आयस एकच गोठ इचारायची," ती तेल चोळत म्हणाली. "सारखी. बोलायची, तू सगल्यांचा बघतंस, तिकरं तुजा कोन बघतं गो?"

"मंग तू काय सांगतलास?"

"सांगतला, सगला गाव बघतं. मुकादम येतं, त्याची बायको येतं, मना काय कमी नाय. त्या ऐकून ती निजली."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं, तर मी सहन केलं असतं. टोमणे झेलायची मला सवय आहे. पण तिनं ते नुसतं सांगितलं, आणि सासऱ्याच्या टाचेखालची गादी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आणि रंगू तिच्या दारात उभे राहिलो. हंगाम संपला होता, हातात करवंटी नव्हती. तिनं घाबरून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, कूस बदलायची वेळ झाली ना. "मी करतंय की, मना सवय हाय," ती म्हणाली. रंगूनं तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि तिच्या हातात पेजेची वाटी दिली. भिवा आतच होता, बापाची पाठ पुसत होता. पुढच्या हंगामातही तो आगरावर उशिरानंच यायचा आणि मी त्याला कधी बोललो नाही. आम्ही तिघांनी मिळून परशुबाबाला वळवलं, आणि तिघांनाही धाप लागली. चुलीपाशी तुळसा वाटी हातात धरून आमच्याकडे बघत बसली होती. पेज निवत चालली होती. "खा," रंगू म्हणाली, "तुजे आयशीला सांगतलास ना?" तेव्हा कुठं तिनं पहिला घास घेतला.